न वाचलेली पाने : 'लोन वुल्फ' या निवडकथेच्या निमित्ताने

कथा वाचता वाचता वाचकानेच नायक व्हावे आणि पुढे काय घडावे हेही त्यानेच ठरवावे, अशा स्वरूपाची पुस्तके इंग्रजीत गेली ४० हून अधिक वर्षे आवडीने वाचली जात आहेत. मराठीत आपण त्यांना 'निवडकथा' म्हणू या. अमेरिकेत एडवर्ड पॅकर्ड यांचे 'द केव्ह ऑफ टाइम' १९७९ साली निघाले. इंग्लंडमध्ये स्टीव्ह जॅक्सन व इयन लिव्हिंगस्टन यांचे 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' १९८२ साली आले. १९८४ साली जो डेव्हर या इंग्रज लेखकाने 'फ्लाइट फ्रॉम द डार्क' लिहून 'लोन वुल्फ', म्हणजे 'एकाकी लांडगा', या मालिकेचा आरंभ केला. १९९८ पर्यंत तिचे २८ भाग निघाले. डेव्हर २०१६ साली निवर्तले. परंतु ही पुस्तके इंटरनेटवर विनामूल्य वाचू देण्यास त्यांनी हयातीतच अनुमती दिली होती. त्यामुळे राहुरी-श्रीरामपूरकडील एखादा शाळकरी मुलगाही आज ती मोबाइलवर उघडू शकतो. अशा वेळी पालक आम्हा धर्मगुरूंना विचारतात : यात राक्षस आहेत, मंत्रतंत्र आहे, मारामारी आहे, मुलांनी हे वाचावे काय? प्रश्न रास्त आहे. पण नुसते 'हो' वा 'नाही' म्हणण्यापूर्वी हे पुस्तक आतून कसे आहे ते पाहिले पाहिजे.

मालिकेच्या पहिल्या भागाचे कथानक साधे आहे. समरलंड नावाच्या कल्पित देशात 'काई' या योद्ध्या व्रतस्थांचा एक मठ आहे. फेहमार्नच्या सणासाठी सगळे काई सरदार मठात एकत्र जमलेले असताना तमोराजांचे सैन्य अचानक तुटून पडते आणि मठाचा विध्वंस करते. वाचतो तो एकच नवशिका विद्यार्थी. आणि तो वाचतो ते पराक्रमामुळे नव्हे. वर्गात लक्ष दिले नाही म्हणून शिक्षा झाली होती आणि लाकडे आणण्यासाठी त्याला रानात धाडले होते, म्हणून तो वाचतो. मठाकडे धावत येताना एका फांदीवर डोके आपटून तो बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो तेव्हा सर्व काही संपलेले असते. आता राजधानी होल्मगार्ड गाठून राजाला ही वार्ता सांगायची आहे, आणि मागे शिकारी लागले आहेत. हा एकाकी, पाठलाग होत असलेला मुलगा म्हणजे स्वतः वाचक.

पुस्तकात क्रमांक दिलेले ३५० परिच्छेद आहेत. परिच्छेद वाचून झाला की शेवटी दोन-तीन पर्याय दिलेले असतात. उजव्या वाटेने जायचे तर अमुक परिच्छेद, डाव्या वाटेने जायचे तर तमुक. आरंभी १० विद्यांपैकी ५ निवडायच्या असतात : औषधोपचार, माग काढणे, प्राण्यांशी मैत्री, सहावे इंद्रिय इत्यादी. लढाईचा निकाल अंकांच्या एका तक्त्यावरून लागतो. डोळे मिटून त्यावर पेन्सिल टेकवायची आणि जो अंक येईल तो आपला. म्हणजे या कथेत दैव आणि इच्छा असे दोन्ही घटक एकत्र नांदतात.

आपल्या जिल्ह्यातील वाचकाला येथे मोक्षपटाची आठवण व्हावी. नेवासे येथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेला हा सापशिडीचा पूर्वज. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. शिकवण चोख आहे. पण खेळणाऱ्याला करायचे काय असते? कवड्या टाकायच्या आणि पडेल तेवढी घरे पुढे सरकायचे. सद्गुणाची शिडी त्याने निवडलेली नसते, तो तिच्यापाशी येऊन पोहोचतो एवढेच. डेव्हर यांनी दैवाचा हा पट राखला आणि त्यावर वाचकाच्या इच्छेला जागा करून दिली. स्वतंत्र इच्छा हे परमेश्वराने मानवाला दिलेले देणे आहे, असे धर्मशिक्षणात आपण मुलांना शिकवतो. ते देणे हातात घेऊन खेळता येईल असे पुस्तक, एवढ्यानेच आपल्या विचाराला पात्र ठरते.

परंतु प्रत्येक निवड ही खरी निवड असते काय? पुस्तकात पहिल्याच पानावर तिठा लागतो. सहाव्या इंद्रियाची विद्या घेतली असेल तर तिचा उपयोग करता येतो. घेतली नसेल तर डावीकडे जावे की उजवीकडे, हे ठरवायला वाचकापाशी काहीच आधार नसतो. असे आंधळे तिठे पुढेही बरेच येतात. ज्या येशूसंघीयांनी आपल्या जिल्ह्यातील गावागावांत मिशनकार्य केले, त्यांचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या आयुष्यात नेमका असाच एक तिठा आला होता. १५२२ साली माँसेराटकडे जाताना वाटेत एका मूर प्रवाशाने पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी शंका घेतली. तो पुढे निघून गेल्यावर इग्नेशियसना वाटू लागले की त्याला गाठून खंजीर खुपसावा. निर्णय होईना, तेव्हा वाट फुटते तेथे त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर मुराच्या वाटेने गेले तर वार करायचा, दुसऱ्या वाटेने गेले तर सोडून द्यायचे. खेचर दुसऱ्या वाटेने गेले. पुढे वृद्धापकाळी इग्नेशियसनी हा प्रसंग सांगितला तो आपण तेव्हा किती अजाण होतो हे दाखवण्यासाठी. आध्यात्मिक विवेकाची पद्धत जगाला शिकवणारा संत एके काळी खेचरावर विसंबला होता. आंधळ्या तिठ्यावर उभा असलेला 'लोन वुल्फ'चा वाचक त्याच खेचराच्या भरवशावर असतो. तेथे त्याची उत्सुकता ताणली जाते, सदसद्विवेकबुद्धीला मात्र काम मिळत नाही.

तरीही या पुस्तकात काही जागा अशा आहेत की तेथे खेचर चालत नाही. रौमासच्या भग्न अवशेषांपाशी बॅनेडन नावाचा एक तरुण मांत्रिक जिआक या दुष्ट सैनिकांच्या वेढ्यात सापडलेला दिसतो. त्याला साहाय्य करावे की आपला जीव आणि आपली वार्ता सांभाळून रानात निघून जावे? पुढे एका पुलावरील लढाईत राजपुत्र पेलाथर कोसळतो. त्याच्या रक्षणासाठी उभे राहावे की पळावे? येथे दोन्ही वाटा डोळ्यांसमोर आहेत आणि दोन्हींना कारणे आहेत. पळण्याचे कारण तर अगदी सोज्ज्वळ आहे : राजाला वार्ता पोहोचवणे हे कर्तव्यच नव्हे काय?

डेव्हर यांचे खरे यश मला येथे दिसते. जो वाचक बॅनेडनला टाळून पुढे जातो त्याला पुस्तक रागावत नाही, शिक्षाही करीत नाही. फक्त काही परिच्छेद त्याच्या वाट्याला येत नाहीत. बॅनेडनचे नाव, त्याने दिले असते ते स्फटिकताऱ्याचे पदक, दोघांची पहिली ओळख, हे सर्व त्याच पुस्तकात, त्याच्याच हातात असते. पण न वाचलेले राहते. आपण काय गमावले हे त्याला कळतही नाही. हाच बॅनेडन मालिकेच्या पुढील भागांत नायकाचा जिवलग मित्र होतो.

मिस्साबलीच्या आरंभी आपण विचाराने, शब्दाने आणि कृतीने केलेल्या पापांबरोबर कर्तव्य न केल्याचे पापही कबूल करतो. पहिली तीन पापे मुलांना समजावणे सोपे असते, कारण ती घडलेली असतात. चौथे पाप दाखवणार कसे? जे घडलेच नाही त्याकडे बोट कसे करावे? लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील याजक आणि लेवी यांनी जखमी माणसाला मारले नाही, लुटले नाही. ते दुसऱ्या बाजूने निघून गेले एवढेच. त्यांचा पुढचा प्रवास बहुधा सुखरूप झाला असेल. नगर-मनमाड मार्गावर अपघातात पडलेल्या दुचाकीस्वाराला टाळून पुढे जाणाऱ्यांचा प्रवासही सुखरूपच होतो. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. पण थांबण्याची इच्छा कायदा देऊ शकत नाही. न केलेल्या कर्तव्याचे स्वरूप न वाचलेल्या पानासारखे असते, हे समजावण्यास या पुस्तकाइतके सोपे साधन मला दुसरे आढळलेले नाही. गुण द्यायचा तो येथे मुक्तपणे द्यावा.

आता दोष पाहू. पहिला दोष वाचकाच्या बोटात आहे. ही पुस्तके वाचणारे बहुतेक सर्वजण मागच्या पानात बोट अडकवून ठेवतात. पुढे मरण दिसले की मागे वळायचे आणि दुसरी वाट धरायची. खेळ म्हणून यात काही वावगे नाही. पण मागे वळणे म्हणजे पश्चात्ताप नव्हे, हे मुलांशी बोलले पाहिजे. पश्चात्तापात घडलेली गोष्ट पुसली जात नाही. माणूस तिची जबाबदारी घेतो, कबुली देतो, शक्य ती भरपाई करतो आणि क्षमा पावून पुढे चालतो. बोट अडकवणारा वाचक कबुलीवाचूनच निर्दोष होतो. ही सवय पानापुरती राहिली तर ठीक, आयुष्यात उतरली तर घातक.

दुसरा दोष अधिक खोल आहे. पुस्तकात सत्कृत्याला बहुधा उपयोगाची वस्तू मिळते. चार वेळा हे अनुभवलेला चाणाक्ष मुलगा संकटातील माणूस पाहताच 'याच्याकडून काय मिळेल?' असा हिशेब मांडू लागतो. शोमरोन्याने पदरचे दोन दिनार खर्च केले आणि त्याच्या हाती काहीच आले नाही, हा फरक पुस्तक स्वतः सांगत नाही. तो आपण सांगायचा आहे.

तिसरा दोष शत्रूच्या चित्रणात आहे. जिआक हे मारले जाण्यासाठीच निर्माण केलेले जीव आहेत. त्यांना टाळून पळण्याची मुभा काही ठिकाणी मिळते. पण शत्रूवर दया करणे ही कथेला वळण देणारी निवड होत नाही. येथे शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा २४ वा अध्याय आठवतो. तेथेही एक तरुण आहे, त्याचाही पाठलाग होत आहे. शौल राजा ३००० निवडक माणसे घेऊन दावीदला शोधत एनगेदीच्या रानात आला आहे. ज्या गुहेत दावीद लपला आहे त्याच गुहेत शौल एकटा शिरतो. सोबती म्हणतात, हीच वेळ आहे. दावीद त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापतो, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाते. शिकारी हातात सापडला असताना शिकाराने हात आवरला, ही तिसरी वाट दावीदने स्वतः शोधली. सोबत्यांच्या यादीत ती नव्हतीच. डेव्हर यांच्या यादीतही ती मला दिसली नाही.

दुसऱ्या भागात, 'फायर ऑन द वॉटर' मध्ये, या विचाराच्या जवळ जाणारा एक प्रसंग आहे. प्रवासात नायकावर विषप्रयोग होतो आणि पाच सहप्रवाशांतून गुन्हेगार ओळखावा लागतो. पुरावा नीट न पाहता बोट दाखवले तर निरपराधाशी हातघाईची वेळ येते. त्या पाचांत एक पुरोहितही आहे. तो दोषी की निर्दोष, हे येथे सांगून नव्या वाचकाचा आनंद मी हिरावणार नाही. संशयावरून माणसाला दोषी ठरवण्याची घाई आपल्या गावांतही काही कमी नाही. म्हणून हा प्रसंग मुलांबरोबर वाचावा आणि त्यावर बोलावे.

ही मालिका मराठीत आणायची तर एक अडचण येईल, तिचाही विचार व्हावा. इंग्रजीतील संबोधन मुलगा वा मुलगी असा भेद करीत नाही. मराठीत मात्र 'तू पळालास' की 'तू पळालीस' हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. अनुवादकाने वर्तमानकाळ आणि आज्ञार्थ यांचा आधार घेतला तर मार्ग निघेल. आणि तो काढावा, कारण आपल्या मुलींनाही या वाटांवर चालण्याचा अधिकार आहे.

मग मुलांनी हे वाचावे काय? बारा-तेरा वर्षांच्या पुढील मुलांनी वाचावे, असे माझे मत आहे. त्यातील मंत्रतंत्र परीकथेच्या पातळीवरचे आहे. त्याने श्रद्धा ढळेल असे मला वाटत नाही. कसोटी लावायची तर ती पुन्हा इग्नेशियसचीच लावावी. १५२१ साली पाम्प्लोना येथे जखमी होऊन अंथरुणाला खिळलेल्या या शिपायाने शूरांच्या कथा मागितल्या होत्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे हाती आली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की सरदारी स्वप्ने रमताना गोड लागतात आणि नंतर मन कोरडे करतात. ख्रिस्ताचा आणि संतांचा विचार मात्र नंतरही आनंद ठेवून जातो. पालकांनी हाच प्रश्न विचारावा : पुस्तक मिटल्यावर मनात काय उरले? उत्तर मुलाने द्यावे आणि आपण ते शांतपणे ऐकावे.

आपल्या जिल्ह्यातील केंदळ गावातून १९०३ साली 'निरोप्या' निघू लागला, तेव्हापासून मराठी ख्रिस्ती घरांत वाचनाची परंपरा आहे. या परंपरेतील एखाद्या तरुण लेखकाने मराठीत निवडकथा लिहायला घ्यावी. तिच्यात तिठे असावेत, पाठलाग असावा, भयही असावे. फक्त पर्यायांच्या यादीत एकदा तरी ती गुहा यावी, आणि तलवार म्यान करण्यासाठीही एक परिच्छेद राखून ठेवलेला असावा.