‘पूर्वसूचक ठोके’ या संकल्पनेची चिकित्सा

हृदयविकाराच्या झटक्यातील पुष्कळसे मृत्यू पहिल्या काही तासांतच होतात व त्यांचे निकटचे कारण बहुधा व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे निलयांची विस्कळीत थरथर, हे असते. अशा थरथरीत रक्त पुढे ढकलले जात नाही. काही मिनिटांत विजेचा धक्का मिळाला नाही तर रुग्ण दगावतो. या आपत्तीची पूर्वसूचना ई.सी.जी.वर मिळते काय, हा प्रश्न १९६०च्या दशकात हृद्रोग अतिदक्षता कक्ष सुरू झाल्यावर प्रकर्षाने पुढे आला. बॉस्टन येथील बर्नार्ड लाऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये त्याला होकारार्थी उत्तर दिले. मिनिटाला पाचांहून अधिक अकाली निलयी ठोके, निरनिराळ्या आकारांचे ठोके, एकापाठोपाठ येणारे ठोके आणि आधीच्या ठोक्याच्या टी-तरंगावर येऊन पडणारा ठोका, या चार खुणा त्यांनी ‘इशारा’ मानल्या. खूण दिसताच लिडोकेन द्यावे, असा परिपाठ त्यातून रूढ झाला.

या मांडणीचे आकर्षण समजण्यासारखे आहे. टी-तरंगाच्या शिखराजवळ निलयांचे स्नायू विद्युतदृष्ट्या अर्धवटच सावरलेले असतात, हे शरीरक्रियाशास्त्राला मान्य आहे. परंतु एक साधा प्रश्न आरंभी पुरेसा विचारला गेला नाही : ज्यांना फिब्रिलेशन झाले नाही, त्यांच्यात या खुणा किती वेळा दिसतात? १९७०च्या दशकाच्या मध्यास ॲमस्टरडॅम येथील ली व सहकाऱ्यांनी दोन्ही गटांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा इशारे दोहोंत जवळजवळ सारख्याच प्रमाणात आढळले. शिवाय कित्येक रुग्णांत फिब्रिलेशन कोणत्याही इशाऱ्याविना आले होते. म्हणजे ‘इशारा’ या शब्दातच निष्कर्ष आधी गृहीत धरला गेला होता.

याहून गंभीर दोष पुढच्या पायरीत आहे. खूण ही केवळ सूचक न राहता कारण ठरली, आणि खूण पुसली की धोका टळला असे मानले जाऊ लागले. झटक्यातून सावरलेल्या रुग्णांनाही याच तर्काने ठोके दाबणारी औषधे दिली जात. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने १९८७ मध्ये सुरू केलेल्या ‘कास्ट’ या चाचणीने तो तर्क कसोटीला लावला. चाचणीची रचना येथे विशेष लक्षणीय आहे. प्रथम रुग्णांना औषध देऊन पाहिले गेले. ज्यांचे अकाली ठोके किमान ८० टक्क्यांनी घटले, त्यांचीच यादृच्छिक विभागणी झाली. थोडक्यात, औषध ज्यांच्यावर ‘लागू पडले’ असे रूढ निकषाने म्हणता येईल, तेच रुग्ण तुलनेसाठी घेतले गेले. एनकेनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ मृत्यू पावले; निरौषधी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. एप्रिल १९८९ मध्ये ही दोन्ही औषधे थांबवावी लागली. ई.सी.जी. सुधारत होता, रुग्ण मात्र मरत होते.

मूळ आराखड्यात संख्याशास्त्रीय कसोटी एकतर्फी ठेवली होती, हा तपशील संशोधनपद्धती शिकविणाऱ्यांनी अवश्य पाहावा. औषधाने अपाय होईल ही शक्यता आयोजकांना विशेष विचारात घेण्याजोगी वाटली नव्हती. उलट, रुग्णांना निरौषधी गोळी देणे अनैतिक आहे, असा आक्षेप तेव्हा अनेकांनी घेतला होता! अपायाचे संभाव्य कारण पुढे उलगडले : ही औषधे सोडियमच्या मार्गिका रोखून विद्युतवहन मंदावतात, आणि व्रण पडलेल्या किंवा रक्त कमी मिळणाऱ्या स्नायूत ती मंदगती नव्या चक्राकार तालबिघाडाला वाट करून देते.

‘कास्ट’मधील रुग्ण झटक्याच्या तीव्र अवस्थेतील नव्हते, म्हणून तिचा निष्कर्ष लिडोकेनवर जसाच्या तसा लादता येत नाही. तथापि लिडोकेनच्या चाचण्यांचे १९८८ मधील एकत्रित विश्लेषण वेगळे सांगत नाही. फिब्रिलेशन सुमारे एक-तृतीयांशाने घटले, मृत्यू मात्र घटले नाहीत.

लाऊन यांच्या कार्याचे मोल यामुळे उणावत नाही. एकदिश विद्युतप्रवाहाचा डिफिब्रिलेटर प्रत्यक्ष वापरात आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि फिब्रिलेशन झालेला रुग्ण आजही त्याच उपकरणाने वाचतो. झटक्यातील सुटे अकाली ठोके केवळ दिसतात म्हणून आता दाबले जात नाहीत. बंद धमनी लवकर उघडणे, पोटॅशियम सांभाळणे आणि धक्क्याचे यंत्र हाताशी ठेवणे यांवर भर असतो. टिकून राहणारी निलयी जलदगती किंवा लांबलेले क्यूटी-अंतर यांची गोष्ट निराळी. त्यांकडे तातडीनेच पाहिले जाते.