पायी प्रवासाचे गद्य आणि निर्मनुष्य पर्वत

परदेशगमन सुलभ झाल्यापासून मराठीत प्रवासवर्णनांचा तोटा राहिलेला नाही. अलीकडे त्यांत, पाठीवर बोजा घेऊन परक्या देशांतील पर्वत व राष्ट्रीय उद्याने पायी हिंडणाऱ्यांच्या लेखनाची भर पडत आहे. हे लेखन वाचताना आम्हांस एक उणीव वारंवार जाणवते. त्यात शिखरांची उंची असते, चाललेले अंतर असते, तंबू आणि सूर्योदय असतो. परंतु त्या डोंगराचा म्हणून कोणी माणूस त्यात क्वचितच भेटतो. हा दोष केवळ आमच्या लेखकांचा नव्हे. ह्या वाङ्मयप्रकारातील एका आदर्श मानल्या गेलेल्या ग्रंथातही तो आहे. जॉन म्यूर ह्याचे ‘माय फर्स्ट समर इन द सिएरा’ हा तो ग्रंथ होय.

म्यूर १८३८ साली स्कॉटलंडात जन्मला आणि लहानपणीच अमेरिकेत गेला. १८६९ च्या उन्हाळ्यात तो मेंढ्यांच्या एका मोठ्या कळपासोबत कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वत चढला. त्या दिवसांची दिनचर्या पुन्हा लिहून काढून १९११ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कळपाची चाल हीच ह्या ग्रंथाची चाल आहे. मेंढ्या चरत चरत वर सरकतात आणि लेखकास एकेक फूल, एकेक खडक, दुपारचे ढग न्याहाळण्यास सवड मिळते. योसेमिटी धबधब्याच्या कड्याशी जाऊन खाली पाहताना भोवळ येऊ नये म्हणून तो कडू पाला तोंडात धरतो. भव्यतेची दहा विशेषणे जे साधू शकली नसती, ते हा कडू पाला साधतो. पायी चालणाऱ्याच्या गद्याचे खरे बळ ते हेच.

तथापि माणसे आली की ही दृष्टी मंदावते. सोबतचा धनगर बिली योसेमिटी पाहावयास येण्याचे नाकारतो; त्याच्या लेखी ती नुसती दगडांची दरी. म्यूर त्याची थट्टा करतो. परंतु बिली तेथे रोजगारासाठी आलेला होता; एक मेंढी हरवली तरी जाब त्यालाच द्यावा लागणार. सौंदर्य पाहण्यास मोकळे मन लागते तसा मोकळा वेळही लागतो, हा विचार लेखकास शिवत नाही. घाटात भेटलेल्या मूळ रहिवाशांविषयी तर त्याच्या लेखणीतून किळसच उतरते.

आणि तरीही ग्रंथातील एक प्रसंग ह्या दृष्टीला आतूनच छेद देतो. शिधा येण्यास विलंब होतो, पीठ संपते, आणि भाकरीवाचून मंडळी कासावीस होतात. तेव्हा म्यूर लिहून जातो की, कंद, देठ व साली ह्यांतून अन्न काढण्याची इंडियनांची विद्या आपणांस यावयास हवी होती. ज्यांना त्या दृश्यात जागा नाही, त्यांच्याच ज्ञानाची उणीव त्याला भुकेच्या वेळी भासते! ह्याच पर्वतातील योसेमिटी खोऱ्यात १८५१ साली मॅरिपोसा पलटण शिरली होती. तिने अहवानीची लोकांची वस्ती आणि ओकच्या फळांचे साठे जाळले व लोकांना हुसकून लावले. म्यूरची वारी त्यानंतर अवघ्या अठरा वर्षांची. पुढे १८९० साली योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झाले. त्यात म्यूरच्या लेखणीचा वाटा मोठा होता, आणि त्याचे ते ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु १८९२ साली स्थापन झालेल्या, आणि म्यूर ज्याचा पहिला अध्यक्ष होता त्या सिएरा क्लबनेच २०२० साली त्याच्या अशा उद्गारांची जाहीर कबुली दिली. उत्तरायुष्यात त्याची मते निवळली, हेही नमूद करणे न्यायाचे होईल.

‘उद्यान’ हा आपला शब्द येथे प्रथम विनोदी वाटतो. १८७२ साली स्थापन झालेले यलोस्टोन सुमारे ९,००० चौरस किलोमीटरांचे आहे. त्याला बाग कोण म्हणेल? पण विचार करता हा शब्द अजाणता सत्य सांगतो. योसेमिटीतील मोकळी कुरणे अहवानीची लोक नेमाने गवत जाळीत म्हणून मोकळी राहत असत. प्रवाशाने जिला अस्पर्श सृष्टी मानले, ती कोणाची तरी राखलेली बागच होती.

आमच्या भाषेत पायी प्रवासाचा दुसरा एक नमुना आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले. त्यांनी तो ‘माझा प्रवास’ पुष्कळ वर्षांनी लिहिला व १९०७ साली तो छापला गेला. त्यात डोंगराचे वर्णन शोधावे लागते. परंतु वाटेवरचा शिपाई, यजमान, लुटारू, झाशीचे भेदरलेले नागरिक हे सारे जिवंत आहेत. म्यूरला डोळा होता, विष्णुभटांना कान होता. एकाची उणीव दुसऱ्यात भरून निघते.

म्हणून परदेशी पर्वतांत हिंडून येणाऱ्या मराठी लेखकाकडे आमचे मागणे मोजके आहे. किती मैल चाललो हे त्याने अवश्य सांगावे. परंतु ज्या वाटेने चाललो ती प्रथम कोणाच्या पावलांनी पडली, तिला पूर्वी काय नाव होते आणि आज तिची डागडुजी कोण करतो, हेही विचारावे. आमच्या वर्गांतील मुलांपुढे प्रवासवर्णनाचा उतारा ठेवताना शिक्षकांनी हाच प्रश्न विचारावा, अशी आमची सूचना आहे. पर्वताची उंची कोणत्याही नकाशात सापडते. तेथील माणसाची ओळख करून देणे हे मात्र साहित्याचेच काम आहे.