हंगाम कुणाचा?

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही दोघं वेराक्रूसला पोहोचलो आणि त्याच रात्री ‘नोर्ते’ सुरू झाला. मेक्सिकोच्या आखातावर उत्तरेकडून येणारं हे थंड वारं. कधी कोरडं, कधी पाऊस घेऊन येणारं. सकाळी मालेकोनवर, म्हणजे समुद्रालगतच्या रस्त्यावर, लाटा कठडा ओलांडून येत होत्या. छत्री उघडण्यात अर्थ नव्हता. हातात एकच दिवस होता. नवरा म्हणाला, “अगं, तुझ्या पुस्तकातलं गाव बघायला आलोय ना? मग चल की.”

पुस्तक म्हणजे फर्नांदा मेल्चोरची ‘तेम्पोरादा दे उराकानेस’ (2017) ही कादंबरी. मेल्चोरचा जन्म 1982 साली याच शहरातला. ला मातोसा या तिच्या काल्पनिक खेड्यात, कालव्याच्या पाण्यात काही मुलांना एक प्रेत दिसतं. गावात ‘चेटकीण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईचं ते प्रेत. पुढची प्रकरणं त्या खुनाभोवती फिरत राहतात. सोफी ह्यूजचा इंग्रजी अनुवाद 2020 साली आंतरराष्ट्रीय बुकरच्या अंतिम यादीत होता. पहिल्या दोन प्रकरणांचं मराठी मी केलं होतं आणि ते नीट झालंय, अशी माझी समजूत होती. ती समजूत या एका दिवसात मोडली. कशी, ते सांगणं हाच या टिपणाचा हेतू.

पावसातून पळत आम्ही ‘ग्रान काफे दे ला पारोकिया’त शिरलो. तिथली ‘लेचेरो’ प्रसिद्ध. पेल्यात तळाशी दाट कॉफी येते, मग चमच्याने पेल्यावर टकटक वाजवायचं. दुसरा वेटर किटली घेऊन येतो आणि उंचावरून गरम दुधाची धार सोडतो. काचेपलीकडे पाऊस, टेबलाशी आम्ही दोघं, पेल्यांची किणकिण. मी वही काढली आणि भराभर लिहिलं: रिपरिप, पागोळ्या, ओला गारवा, आडोशाला उभी माणसं. नवऱ्याने वही ओढून वाचली. “अरे वा! हे तर लोणावळ्यालाही चाललं असतं.”

त्याने थट्टा केली, पण वर्मावर बोट ठेवलं. पावसासाठी मराठीत शब्दांची कमी नाही, पण ते बहुतेक पावसाची वाट पाहणाऱ्यांनी घडवलेले आहेत. शेतकऱ्यांनी आणि प्रेमिकांनी. त्यांना हात लावला की वाक्य आपोआप हळवं होतं. हॉटेलवर परतून मी माझी दोन प्रकरणं काढली, तर तिथेही तेच. मेल्चोरचं पाणी कुजकट, शेवाळलेलं. माझं मात्र कुठेतरी झुळझुळत होतं. प्रेत तरंगतं त्या पाण्याला मी नकळत निसर्गवर्णनात नेऊन बसवलं होतं.

दुपारी सान हुआन दे उलुआच्या किल्ल्यावर गेलो. प्रवाळाच्या दगडात बांधलेला हा किल्ला. 1825 साली स्पेनने मेक्सिकोच्या भूमीवरचा आपला हा शेवटचा तळ सोडला. पुढे तिथे तुरुंग होता. अंधारकोठड्यांची नावं ऐकून आम्ही गप्पच झालो: नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग. नवरा जहाजांच्या विम्याच्या कामातला, त्यामुळे त्याची नजर समोरच्या क्रेनवर. “बघ, एकही हलत नाही. वारा उतरेपर्यंत सगळं ठप्प.” मला रम्य धूसर दिसत होतं तिथे त्याला खोळंबलेलं काम दिसत होतं. मेल्चोरची नजर त्याच्याकडे झुकणारी आहे.

तिच्या ‘आकी नो एस मायामी’ (2013) या वार्तांकनपर लेखसंग्रहाचं शीर्षक याच बंदरातलं. जहाजात लपून आलेल्या डोमिनिकन माणसांना वाटतं आपण अमेरिकेत पोहोचलो, आणि त्यांना कळतं ते हे. ‘हे मायामी नव्हे’ हे व्याकरणाला धरून, पण पाठ्यपुस्तकी. गोदीतला माणूस म्हणेल, ‘मायामी नाय हे, बाबा.’ त्या ‘बाबा’त कीव आहे आणि हात झटकणंही आहे. मला तोच स्वर हवा. कॅथरिन अ‍ॅन पोर्टरच्या ‘शिप ऑफ फूल्स’ची (1962) सुरुवातही वेराक्रूसमध्येच होते, पण तिथे हे शहर जहाज पकडायला आलेल्यांना कसंबसं सोसावं लागतं. मेल्चोरच्या पानांत इथून कुणाचंच जहाज सुटत नाही.

आता कादंबरीच्या नावाकडे येते. ‘वादळांचा हंगाम’ हे मला आधी फिकं वाटलं होतं. आता तेच योग्य वाटतं. ला मातोसा उसाच्या पट्ट्यात आहे, जवळ साखर कारखाना आहे. मराठी वाचकाच्या कानात ‘हंगाम’ म्हटलं की ‘गळीत हंगाम’ वाजतो. ऊसतोडीच्या टोळ्या, उचल, मुकादम हे सारं न सांगता मागे उभं राहतं. स्पॅनिशमध्ये ऊसतोडीच्या काळाला ‘साफ्रा’ हा वेगळा शब्द आहे, त्यामुळे मूळ शीर्षकात हा ध्वनी नाही. अनुवादात सहसा काहीतरी गळतं. इथे काही मिळतं, ते का नाकारावं?

पण या शब्दात एक धोकाही आहे. हिंसेला हंगाम म्हटलं की ती ऋतूसारखी येते-जाते, तिला जबाबदार कुणीच नाही, असं वाटू लागतं. मेल्चोरला हे मान्य आहे का? माझ्या वाचनात नाही. कादंबरीत पूर्वी एकदा वादळ येऊन गावाची वाताहत झालेली आहे, पण खून काही त्या वादळाने केलेला नाही. वादळाचा हंगाम ही गावाची सबब आहे. उकाडा, करणी, नशीब यांच्यासारखीच. लेखिका ती सबब ऐकवते, मान्य करत नाही.

ही सबब ज्या आवाजात येते तो कुजबुजीचा आहे. परिच्छेद न तोडता वाक्य पानोपानी वाहतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि दार लावून घेतं, म्हणून मी एकेका वाक्याची दहा-अकरा केली होती. खरं तर उपाय आपल्या तोंडातच होता: ‘म्हणे’. ती म्हणे रात्री दार उघडीच ठेवायची, पैसा म्हणे घरातच पुरलेला... या एका शब्दाने वाक्य पुढे सरकतं, आणि बोलणाऱ्यावर काहीच येत नाही. चावडीवर माणूस असाच बदनाम होतो.

शिव्यांबद्दल मला ‘थोडं सौम्य करा’ असा सल्ला मिळाला होता. ‘वासूनाका’ आणि ‘गोलपिठा’ (1972) पचवलेल्या भाषेत तो मान्य करणं मला लाजिरवाणं वाटतं. या कादंबरीत शिवी सजावटीला नाही. तिथल्या पुरुषांपाशी भीती बोलून दाखवायला दुसरे शब्दच नाहीत.

संध्याकाळी चौकातला दान्सोन पावसामुळे झाला नाही. कमानींखाली एक मारिंबावाला वाद्यावर ताडपत्री ओढत होता. मला कादंबरीचा शेवट आठवला: बेवारस प्रेतं पुरणारा म्हातारा त्यांच्याशी बोलतो, आता पाणी तुमचं काही वाकडं करणार नाही अशी समजूत घालतो. सबंध पुस्तकात मेलेल्यांशी मायेने बोलणारा हा आवाज फार उशिरा येतो. तेवढ्यासाठी मराठीतला मऊ शब्द मी राखून ठेवणार आहे. बाकीच्या पानांतून तो काढून टाकायला त्या रात्रीच सुरुवात केली. सर्वांत आधी पागोळ्या खोडल्या.