शाल, श्रीफळ आणि सारस

आमच्या गोंदियाच्या वृत्तपत्रांतील छायाचित्रे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. फीत कापणारा हात, शाल, श्रीफळ, ओळीने उभी मंडळी! त्या ओळीत मीही उभा राहिलो आहे. तक्रार कोणत्या तोंडाने करू?

पण अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांची मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे पाहिली आणि जीव चरकला. ओलवेही वृत्तपत्राचेच छायाचित्रकार. २०१६ साली पद्मश्रीने गौरविलेले. गटारात उतरलेल्या माणसाला टिपून ते परतले नाहीत, त्याच्या घरातही गेले. म्हणून ते चेहरे दया मागत नाहीत. एक आक्षेप मात्र नोंदवतोच : काळ्यापांढऱ्या छायेत घाणही कधी कधी नको तितकी देखणी दिसते.

आमच्याकडील छायाचित्रकाराची चूल लग्नसराईवर पेटते, वृत्तपत्राचे काम उरल्या वेळचे. त्याला सवड कोठली, असे म्हणावे, तर सारसाची जोडी टिपण्यासाठी हा गृहस्थ पहाटे धानाच्या बांधीत तासभर दबा धरून बसतो! चित्र सुरेखच येते. वाचकहो, तोच तास राइस मिलच्या हमालांपाशी बसला असता तर?