‘अमरावतीचे संगमरवर’ : एका नावाची चिकित्सा

बौद्ध शिल्पकलेवरील मराठी लेखनात ‘अमरावतीचा संगमरवरी स्तूप’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. ही अमरावती विदर्भातील नव्हे. आंध्र प्रदेशात कृष्णेच्या तीरावर, प्राचीन धान्यकटकानजीक असलेली ती अमरावती होय. तेथील महाचैत्याच्या शिलापट्टांना संगमरवर म्हणणे आम्हांस चिंत्य वाटते.

प्रथम शास्त्राची बाजू पाहू. चुनखडक भूगर्भातील उष्णता व दाब यांमुळे रूपांतरित होतो, त्याचे स्फटिक नव्याने घडतात, तेव्हा संगमरवर तयार होतो. राजस्थानातील मकराणा, इटलीतील कॅरारा, अथेन्सजवळील पेंटेलिकॉन आणि मंडालेजवळील सगाईन येथील दगड या अर्थाने खरे संगमरवर होत. राजा मिंडॉन याने मंडाले येथे 729 शिलापट्टांवर त्रिपिटक कोरविले, तेही संगमरवरावरच. अमरावतीचा दगड मात्र पलनाड प्रदेशातील फिकट हिरवट-करड्या छटेचा चुनखडक आहे. तो गाळापासून बनलेला खडक असून नागार्जुनकोंड्याची शिल्पेही याच जातीच्या दगडात घडली.

मग हे नाव आले कोठून? वॉल्टर एलियट यांनी 1845 मध्ये येथे उत्खनन केले. शिल्पे प्रथम मद्रासला नेली गेली आणि त्यांपैकी बरीचशी 1859 मध्ये लंडनला रवाना झाली. तेथे ती ‘एलियट मार्बल्स’ म्हणून ओळखली जाऊ लागली. लॉर्ड एल्गिन यांनी अथेन्सहून नेलेली शिल्पे ‘एल्गिन मार्बल्स’ या नावाने त्यापूर्वीच प्रसिद्ध होती. या नावात गौरव आहे, यात शंका नाही; परंतु तो ग्रीसच्या मापाने केलेला गौरव आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल, की चांगली झिलई घेणाऱ्या कोणत्याही दगडास संगमरवर म्हणण्याची व्यापारातील प्रथा जुनीच आहे. हे आम्ही मान्य करतो. उदयपूरकडील ऋषभदेवचा ‘हिरवा संगमरवर’ वस्तुतः सर्पेंटाइन जातीचा, तर जैसलमेरचा ‘पिवळा संगमरवर’ चुनखडक आहे. परंतु बाजाराने सैल वापरलेला शब्द अभ्यासकाने तसाच उचलणे योग्य नाही. ब्रिटिश म्युझियमच्या नोंदींतही आज या शिल्पांचे द्रव्य चुनखडक असेच दिलेले आहे.

हा वाद केवळ शब्दाचा नाही. संगमरवर म्हटले की पलनाडचा खडक नजरेआड होतो आणि कलेचे मूळ दूर कोठेतरी असावे असा समज बळावतो. वस्तुतः कारागिरांनी आपल्याच परिसरातील दगडाचा स्वभाव ओळखला. त्याच्या बारीक कणांमुळेच वस्त्रांच्या चुण्या व गर्दीतील चेहरे इतके नाजूक उतरले. त्या दगडातील चुनाच पुढे त्याचा वैरी ठरला, हेही विसरता येत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून येथील कित्येक शिलापट्ट चुन्यासाठी भाजले गेले.

पूर्णघट कोरलेल्या एका शिलापट्टावरील लेखात विधिक नावाच्या चर्मकाराने कुटुंबीयांसह दिलेल्या दानाची नोंद आहे. त्या दानाचे मोल दगडाच्या शुभ्रतेने वाढत नाही आणि चुनखडक म्हटल्याने घटतही नाही. बुद्धमूर्तीसाठी पांढऱ्या संगमरवरालाच श्रेष्ठ मानणाऱ्या आजच्या उपासकांनी याचा विचार करावा. आपल्या महाराष्ट्रातील अजिंठा व कार्ले तर काळ्या कातळातच कोरले गेले.

‘अमरावती मार्बल्स’ हे संग्रहाचे ऐतिहासिक नाव म्हणून राहण्यास आमची हरकत नाही. मात्र वर्णन करताना ‘पलनाडचा चुनखडक’ असेच लिहावे, अशी आमची अभ्यासकांस विनंती आहे. वस्तू जशी आहे तशी पाहणे ही धम्माचीच शिकवण आहे. दगडाच्या बाबतीत ती सोडण्याचे कारण नाही.