वाटी, चमचा आणि आगटी

मराठी पाकपुस्तकांची समीक्षा सहसा होत नाही. परीक्षण आलेच तर ‘पदार्थ जमतात की नाही’ एवढ्यापुरते. पण पाककृती हाही एक लेखनप्रकार आहे आणि इतर लेखनप्रकारांसारखाच तो काही गोष्टी टिपतो, काही त्याच्या हातून सुटतात. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ (१९१०) या ग्रंथापासून शंभरावर वर्षे हा प्रकार मराठीत नांदतो आहे. ‘साहित्य’ आणि ‘कृती’ या दोन मथळ्यांखाली जे मावत नाही ते कोणते? माझ्या मते महिना आणि माणसे.

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप घराघरांत नेले. हे काम लहान नव्हे. ‘मीठ अंदाजाने’ हे वाक्य जिथे शेजारी सासू किंवा जाऊ उभी आहे तिथेच चालते. मुंबईच्या दोन खोल्यांत नवा संसार मांडणाऱ्या मुलीला अंदाज सांगणारे कोणी नसते. त्या नसलेल्या हाताच्या जागी वाटी आली. म्हणून मापावर नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र माप आले की पदार्थ केव्हाही, कुठेही, चौघांपुरता करता येतो असे गृहीत धरले जाते. काही पदार्थ तसे नसतात.

हुरडा घ्या. ज्वारीचा दाणा भरला आहे पण टणक झालेला नाही, असे दिवस थोडेच मिळतात, थंडी पडल्यावर. रानातच खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसे आरात खुपसायची, भाजली की तळहातावर चोळून दाणे मोकळे करायचे. सोबत चटणी, गूळ, दही. लिहिण्याजोगी कृती इथे संपते. पण चोळणारा एक आणि खाणारे अनेक असतात. तळहात पोळतात ते चोळणाऱ्याचे, आणि त्याची पाळी शेवटी येते. निवलेल्या हुरड्यात मजा नाही, म्हणून आगटीभोवतीच बसावे लागते. रायगडातली पोपटी याच जातीची. भात निघालेल्या शेतात उरलेल्या ओलीवर वाल येतो. शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, मीठ, ओवा, हवी तर अंडी आणि कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला दाबून मडके पालथे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. उघडून चव पाहता येत नाही, जाणत्याचा अंदाज हेच माप. मग शेंगा सोलत खायच्या, त्यामुळे बैठक आपोआप लांबते.

दुर्गाबाई भागवतांकडे महिना होता आणि चूलही. ‘ऋतुचक्र’ (१९५६) निसर्गाच्या बारा महिन्यांचे, ‘खमंग’ खाण्यापिण्याचे. एकीची ही दोन पुस्तके आपण मात्र दोन कपाटांत ठेवली : एक ललितगद्याच्या चर्चेत, दुसरे स्वयंपाकाच्या फळीवर. ही वाटणी बाईंची नव्हे, वाचकांची आणि समीक्षकांची.

तेव्हा महिना आणि माणसे पाककृतीत परत आणावीत, असे म्हणणे सोपे आहे. पण मग ‘पूर्वी कसे सगळे ऋतूप्रमाणे खात आणि एकत्र बसत’ असे एक गोड चित्र तयार होते, आणि तिथे थांबावे लागते. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हे मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या अन्नाविषयीचे पुस्तक या चित्राला सरळ छेद देते. शीर्षकातच ‘पूर्णब्रह्मा’ची दुरुस्ती आहे. त्यातल्या चान्या म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या. एका दिवशी मांस भरपूर, पुढे कधी मिळेल ठाऊक नाही. म्हणून ऊन वापरायचे. कुरडया-सांडग्यांमागे आणि कोकणातल्या सुकटीमागे हेच तंत्र आहे. पण कुरडयांना ‘उन्हाळ्यातली लगबग’ म्हणून हळवे लेख लाभले. चान्या दलित आत्मकथनांत आल्या त्या बहुधा भुकेचा पुरावा म्हणून. पाटोळे त्या चवीसह, कृतीसह लिहितात. या पुस्तकाचे मोल मला तिथे वाटते : गरिबीतही स्वयंपाक करणारीला चव कळत होती, हे ते गृहीत धरते.

पंगतीचेही तसेच. कोण कुठे बसणार, कोण वाढणार, उष्टे कोणाला जाणार, हे ठरलेले असे. म्हणून समतानंद अनंत हरी गद्रे यांनी सत्यनारायणाच्या प्रसादाला झुणका-भाकर निवडली, हा मला पाककलेच्या इतिहासातलाही प्रसंग वाटतो. पूजेला दलित दांपत्य, आणि शिऱ्याऐवजी गरिबाच्या घरचे अन्न, सर्व जातींनी एकत्र बसून खायचे. नुसते सहभोजन करून ते थांबले नाहीत, पदार्थही बदलला.

आता थंडीत रस्तोरस्ती हुरडा पार्टीचे फलक दिसतात, माणशी दर लावून. त्याला नावे ठेवायचे कारण नाही. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात. पूर्वीचे आमंत्रण तरी कुठे सर्वांना होते? बोलावणे जाई ते शेतमालकाकडून, त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांना. आगटी पेटवणारे आणि कणसे चोळणारे हात पुष्कळदा सालगड्याचे. त्या दिवशी सालगड्याच्या घरी काय शिजले होते, हे हुरड्यावरच्या माझ्या वाचनातल्या एकाही ललित लेखात आलेले नाही.