कावी शिकायची ती कागदावर की भिंतीवर?

गोव्यात हल्ली कावीकलेच्या कार्यशाळा होऊ लागल्यात, ही चांगलीच गोष्ट. मोरजीच्या मोरजाई मंदिराची, अडवलपालच्या शर्वाणी मंदिराची छायाचित्रं दाखवतात, मग कागद आणि तांबडा ॲक्रिलिक रंग वाटतात. संध्याकाळी प्रत्येकाच्या हाती एक वेलबुट्टी! हौस म्हणून ठीक आहे. पण यालाच ‘कावीचे जतन’ म्हणायला लागलो, की गफलत होते. कावी हे मुळात रंगकाम नव्हेच, ते गवंडीकाम आहे.

कावीत पांढऱ्यावर तांबडं रंगवत नाहीत, तांबडं खरवडून खालचं पांढरं उघडं करतात. शिंपले भाजून केलेला चुना, धुतलेली नदीची वाळू आणि गूळ एकत्र मुरवायचं, कुटायचं आणि त्याचा गिलावा भिंतीला द्यायचा. तो ओला असतानाच वर तांबड्या मातीचा पातळ थर, आणि मग लोखंडी टोकाने नक्षी कोरायची. खरी परीक्षा वेळेची. गिलावा फार ओला असला तर रेघेची कड ढासळते, सुकला तर टवके उडतात. मधली नेमकी वेळ बोटांना कळते, छापील पत्रकातून नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, तेव्हा रंगही त्यातच धरला जातो.

कागदावर शिकलेला माणूस देवळाच्या दुरुस्तीला उभा राहिला तर काय करील? सिमेंटच्या गिलाव्यावर तांबडा रंग फासील. फोटोत फरक कळायचाही नाही. पण चिऱ्याची भिंत ओल धरते. चुन्यातून ती ओल बाहेर पडते, सिमेंट आणि रंगाची पापडी तिला कोंडते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पापुद्रे सुटायला कितीसा वेळ लागणार? आणि तोवर जुना गिलावा खरवडून टाकलेला असतो, तो काही परत येत नाही.

आणखी एक. या कार्यशाळांना चित्रकार येतात, विद्यार्थी येतात, आपल्यासारखे हौशी येतात. गवंडी कुठे असतो? देवस्थान समिती काम सांगणार ते त्यालाच. त्याची दिवसाची मजुरी देऊन त्याला आधी बोलवा. चुना मुरवण्यापासून सुरुवात करा, प्रत्येकाला चिऱ्याच्या भिंतीवर हातभर जागा द्या. प्रमाणपत्र मात्र एक पावसाळा गेल्यावर, भिंत पाहूनच द्यावं.